पायावर पाय

उणे एकतीस. दार उघडलं की
आधी वाफ आत येते, मग मुलं.
मी बालवाडीची बुटांची बाई.
पगारपत्रकावर ‘मदतनीस’ आहे,
पण चोवीस जोड बूट, अठ्ठेचाळीस मोजे,
आणि कुणाचा डावा कुणाच्या उजव्याशी भांडतोय
हे या गावात माझ्याशिवाय कुणाला कळत नाही.

दुल्गून नवा. चार वर्षांचा, तोही ओढूनताणून.
आईबाप हिवाळी तळावर, मेंढ्यांपाशी,
साठ किलोमीटर, त्यातली निम्मी वाट बर्फाखाली.
तो मावशीकडे राहतो, मावशी पोस्टात असते.
पहिला आठवडा बोलला नाही.
दुसऱ्या आठवड्यात चावला.

खुलानच्या दंडावर दातांची चंद्रकोर.
निमित्त काय, तर मेंढीच्या घोट्याचं एक हाड,
फेकल्यावर घोडा होऊन पडलेलं.
घोडा त्याचा होता. तिने उचलला.

ओयुंगेरेलबाई ओरडल्या नाहीत.
गुडघ्यांवर बसल्या, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला आल्या:
“राग आला तुला.”
तो बघतच राहिला. जणू त्याच्या खिशातलं काहीतरी
कुणी काढून त्याच्याच तळहातावर ठेवलं
आणि सांगितलं, याला नाव असतं.
“हात दे तिला.”
दिला. लाकडाचा.
खुलानने घेतला नाही,
आणि बाईंनी तिला ‘घे’ म्हटलं नाही.

आमच्या वेळी बहिणीचा हात ओढून
माझ्या हातात कोंबायचे. झालं, मिटलं, चला.
काही मिटायचं नाही.

इकडे रीत आहे: कुणाच्या पायावर पाय पडला
की लगेच हात पुढे करायचा.
शब्द लागत नाही.
प्यायलेला माणूसही दुकानाच्या रांगेत हे चुकत नाही.

गुरुवारी दुल्गूनचा पाय माझ्या पायावर पडला.
हात पुढे आला. मी धरला.
गरम, चिकट, वाळवलेल्या दह्याचा वास.
दोन मिनिटांनी पुन्हा पडला.
मग बाईंच्या पायावर, मग स्वयंपाकिणीच्या,
मग कोळसा टाकायला आलेल्या बाझरच्या,
त्या एवढ्या मोठ्या बुटावर.
बाझरने शिस्तीत हातमोजा काढला.
“खोडसाळ आहे कार्टं,” स्वयंपाकीण म्हणाली.
दुपारपर्यंत अकरा वेळा.

मलाही खोडीच वाटली होती.
मग मी पाय बघितला.
मांजराच्या पिलाने टेकवावा तसा टेकत होता,
आणि तो टेकायच्या आत
हात आलेला असायचा.

बाईंना सांगितलं. त्या दूध गाळत होत्या.
म्हणाल्या, “न तुडवताही हात मागता येतो,
हे कळेल त्याला. घाई नाही.”
गाळणीतली साय बोटाने काढली, खाल्ली.

झोपेनंतर मोजे चढवताना
खुलान तुरूतुरू आली
आणि त्याच्या पायावर दणकून पाय दिला.
मुद्दाम. टाच रोवून.
त्याचा चेहरा तीनदा बदलला, मी मोजलं.
तिने हात पुढे केला.
सूड होता की आमंत्रण, मला विचारू नका,
बहुधा दोन्ही. पाच वर्षांच्या माणसात
दोन्हीला जागा असते.
त्याने हात धरला आणि सोडायचंच विसरला.
एक मोजा घातलेला, एक हातात.

संध्याकाळी पीठ घ्यायला दुकानात गेले.
माझ्या पुढे करडे बूट,
डाव्या टाचेला नवं चामडं लावलेले.
वर बघायची गरज नव्हती,
चार वर्षं बोललो नसलो तरी
बहिणीची चाल बुटांत उतरलेली असते.
रांग एक पाऊल सरकली.
तिची टाच माझ्यापासून वीतभर.

माझा पाय जड झालाय,
हातमोजा मात्र
केव्हाच काढून ठेवलाय.